क्रुझर नको, सासूबाई हव्यात

मावशींना नमस्कार.

आम्ही औशाचे. यांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे मृग लागल्यापासून रब्बीची पेरणी उरकेपर्यंत गाव सोडता येत नाही. मुलगा आठवीत, मुलगी पहिलीत. दोघांनी खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्काचा धोशा लावलाय. या फेब्रुवारीत जायचंच असं ठरलंय. दीर-जाऊ आणि त्यांची दोन लेकरं, एक नऊ वर्षांचं अन् एक तीन वर्षांचं, तीही येणार. यांचं म्हणणं, शनिवारी रात्री क्रुझर करून निघू, रविवारी दिवसभर इमॅजिका, सोमवारी एकवीरा, देहू, आळंदी, जेजुरी करत रात्री घरी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. त्या म्हणतात, "मी घरीच बरी." पण आळंदीचं नाव निघालं की कान टवकारतात. माझा भाऊ म्हणतो, हैदराबाद जवळ पडतं, तिकडं जा. आमच्यातलं कुणीच अशा पार्कात कधी गेलेलं नाही. मला तर जत्रेतल्या पाळण्यातही चक्कर येते. कपडे काय घालायचे, खर्च किती धरायचा, मुलाला वॉटर पार्कसुद्धा हवंय त्याचं काय करायचं आणि शाळेत काय सांगायचं, सगळंच सांगा.

– एक वाचक, औसा

अगं बाई,

आधी ती क्रुझर रद्द कर. बाकीचं मग बोलू.

औशाहून खोपोली चारशे किलोमीटरच्या वर आहे. रात्री नऊला निघालात तर टेंभुर्णीला कुठंतरी चहा, भिगवणला कुणाला तरी उलटी, पहाटे पुण्याच्या बाहेर गाडी कडेला लावून तासभर डुलकी, मग घाट. साडेदहाला तुम्ही गेटवर उभे, अन् नऊ माणसांत मिळून एकाचीही धड झोप नाही. दुपारी एक वाजला की धाकटं लेकरू जमिनीवर लोळण घेणार, तुझी मुलगी "घरी चला" म्हणणार, आणि जावईबापू "एवढे पैसे भरलेत" म्हणून सगळ्यांना पुढच्या रांगेत ढकलणार. राइडमध्ये मळमळतं ते कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळं. जागरण झालेलं असलं, पोट रिकामं असलं की ती मळमळ आणखी वाढते. शिवाय तुमचा ड्रायव्हर. तो रात्रभर जागणार, दिवसभर पार्किंगमध्ये गाडीत आडवा होणार, आणि दुसऱ्या दिवशी चार देवस्थानं करून पुन्हा रात्री चारशे किलोमीटर हाकणार. जावईबापूंना एवढंच विचार, स्वतःच्या दुकानात रात्रपाळी करून आलेल्या पोराच्या हातात ते गल्ला देतील का?

तुमच्या सहलीत मोजून घ्यायच्या दोन गोष्टी आहेत: सगळ्यात छोट्या लेकराची उंची आणि सगळ्यात मोठ्या माणसाचे गुडघे. या दोन्हींना झेपेल असा दिवस आखला की मधल्या सगळ्यांचं आपोआप जमतं. बहुतेक घरांत उलट होतं. आठवीतल्या पोराला काय हवं त्यावर सहल ठरते आणि बाकीचे त्याच्या मागं फरफटत जातात.

मग जायचं कसं? रेल्वेनं. लातूरहून मुंबईला जाणारी गाडी रात्री निघते आणि पहाटे पुण्यात पोचते. आठवड्यातले काही दिवस तीच वेळ बिदरहून येणाऱ्या गाडीची असते, तेव्हा आधी वार बघून घे. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस आधी नाही. म्हणजे फेब्रुवारीच्या मधोमध जायचं तर डिसेंबरातच तारखेवर नजर ठेव. सासूबाईंचं तिकीट वेगळं काढ आणि त्यात ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा निवड. तो कोटा पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना मिळतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असावी लागतात. सगळ्यांच्या एकत्र तिकिटात तो लागत नाही, आणि मग म्हातारीला वरच्या बर्थवर चढवायची वेळ येते. पाचच्या आतल्या लेकराला रेल्वेचं तिकीट लागत नाही. तुझ्या मुलीला लागेल, आणि तिला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण लागेल. घे बर्थ. त्यात काटकसर करू नकोस.

शनिवारी रात्री निघा. रविवारी पहाटे पुण्यात उतरल्यावर कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं, नाहीतर स्टेशनजवळ एक-दोन खोल्या घेऊन आंघोळ, नाश्ता, झोप. दुपारचं जेवण झालं की पुण्यातूनच मोठी गाडी करून लोणावळा किंवा खोपोलीला मुक्कामाला जा. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, लोणावळ्याहून घाट उतरून गेलं की तासाच्या आत पोचता. लोणावळ्यात शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव कडाडतात, रविवार संध्याकाळपासून उतरतात. तुम्ही बरोबर उतरत्या भावात पोचाल. सोमवारी पार्क. त्या सोमवारी ते उघडं आहे ना, आणि कुठल्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत, हे त्यांच्या साइटवर तिकीट काढतानाच बघ. सोमवारी रात्री पुन्हा तिथंच मुक्काम. ही दुसरी रात्र वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. दिवसभर उन्हात चालून आल्यावर रात्री परतीचा प्रवास म्हणजे शिक्षाच आहे. मंगळवारी सकाळी उशिरा उठा, पुण्याकडं निघा, दुपारी आळंदी करा.

हो, आळंदी ठेवली. एकवीरा, देहू, जेजुरी काढून टाकली. एकवीरेच्या पायऱ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना सोसणार नाहीत आणि जेजुरीच्या तर नाहीतच. आपल्याकडं कुठंही निघालं की "जाता जाता एवढं करून येऊ" सुरू होतं, मग देवासमोर हात जोडायला तीन मिनिटं आणि गाडीत बसायला तीन तास. एकच देव, निवांत. इंद्रायणीच्या घाटावर त्यांना तासभर बसू दे. संध्याकाळी पुणे स्टेशन. परतीची गाडी मुंबईहून रात्री सुटते आणि पुण्यात मध्यरात्रीच्या सुमारास येते, त्यामुळे पुण्याहून चढायची तारीख दोनदा तपासून बघ. मंगळवारी रात्री चढायचंय असं तुम्ही म्हणाल, पण बारा वाजून गेले की रेल्वेसाठी बुधवार उजाडलेला असतो. नऊ माणसं सामानासकट फलाटावर आणि तिकीट कालच्या गाडीचं, असं नको व्हायला.

तुझ्या भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही. औशाहून हैदराबाद तीनशेच्या आसपास, म्हणजे जवळच. तिथं रामोजी फिल्म सिटी आहे, १९९६ सालची. तिथं बसमधून सेट दाखवत फिरवतात, म्हाताऱ्या माणसांना ते आवडतं. पण तिथं मुख्य गंमत बघायची, बसायची कमी. आठवीतल्या पोराला संध्याकाळपर्यंत कंटाळा येईल. तिकडंच शहराबाहेर वंडरला आहे, २०१६ ला सुरू झालेलं, तिथं कोरड्या आणि पाण्याच्या राइड एकाच तिकिटात. ते पोरांना जास्त, सासूबाईंना कमी. उदगीर, देगलूर, नांदेडकडच्या बहिणींना मी हैदराबादच सांगेन. जालना-संभाजीनगरकडच्यांनी लहान लेकरं असताना एवढ्या लांब जायचंच कशाला, शिर्डीलाच वॉटर पार्क आहे आणि साईतीर्थ नावाचं भक्तिकथांवरचं पार्कही. तुमच्यासाठी मात्र खोपोलीच बरी. रात्रीची थेट गाडी आहे, आणि एकाच आवारात भन्नाट राइड, सावलीतल्या बसून बघायच्या गोष्टी आणि चिल्यापिल्यांचे पाळणे असं तिन्ही मिळतं. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क गेल्या काही वर्षांपासून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं आहे. शिर्डीचंही त्यांचंच.

फेब्रुवारी हा महिना तुम्ही दुकानाच्या सवडीमुळं निवडला, पण नेमका चांगला निवडलात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, एसटीच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्या सहली नेमक्या कामाच्या दिवशीच येतात. फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या की शाळा सहली काढत नाहीत. ऊनही तापलेलं नसतं. मे महिन्यात खोपोलीला घामानं माणूस निथळतो आणि गर्दी विचारू नकोस. पावसाळ्यात तिथं पाऊस धो-धो कोसळतो, विजा चमकल्या की बाहेरच्या उंच राइड थांबवतात.

आता उंची. आजच रात्री दाराच्या चौकटीला लेकरं उभी कर. बूट नाहीत, टाचा टेकलेल्या, डोक्यावर वही आडवी, पेन्सिलीची रेघ, आणि टेपनं सेंटिमीटरमध्ये माप.  सहा वर्षांचं लेकरू साधारण एकशेदहा ते एकशेपंधरा भरतं. मोठ्या राइडला एकशेवीस, एकशेतीस, काहींना एकशेचाळीसपर्यंत उंची लागते. म्हणजे तुझी मुलगी मोठ्या राइडच्या तोंडाशी जाऊन परत येणार, आणि हे तिला पार्काच्या गेटवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. साइटवर प्रत्येक राइडची उंची लिहिलेली असते. वहीत दोन याद्या कर, "तुझ्या" आणि "दादाच्या". तिच्या यादीतली नावं तिला पाठ करू दे. तिला आपला स्वतःचा दिवस मिळाला की दादाच्या दिवसाचा हेवा राहत नाही.

ही अट पार्कवाले उगाच लावत नाहीत. सीटवरचा दांडा मांडीवर किंवा खांद्यावर बसतो, आणि तो एका ठराविक शरीराच्या मापानं बनवलेला असतो. शरीर बारीक असलं की दांडा पूर्ण खाली येऊनही मधे फट उरते. तू बघशीलच, गाडी सुटायच्या आधी गणवेशातला पोरगा प्रत्येक सीटपाशी येतो, दांडा एकदा खाली दाबतो, मग वर ओढून बघतो, आणि सगळ्यांचं झालं की लांबच्या केबिनकडं अंगठा वर करतो. त्या पोराशी "बसू द्या हो, काय होतंय" म्हणून हुज्जत घालायची नाही, अन् जावईबापूंना घालू द्यायची नाही. टाचेखाली चप्पल सरकवून उंच करायचं तर स्वप्नातही नाही. लहान मुलांचं तिकीटही बऱ्याच पार्कांत वयावर नसतं, उंचीवर असतं. तेव्हा तिकीट काढतानाही हेच माप लागेल. धाकट्याचं माप खालच्या मर्यादेच्या आत असलं तर त्याला तिकीटच नाही.

एक सांगू का, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ सासूबाईंची आहे. "मी घरीच बरी." म्हणजे मला न्या, पण माझ्यामुळं तुमचा खोळंबा नको. त्यांना न्यायचंच. पण लेकरं सांभाळायला न्यायचं नाही. सकाळी अकरा वाजता तीन वर्षांचं लेकरू त्यांच्या मांडीवर टाकून बाकीचे सगळे पळाले, आणि त्या संध्याकाळपर्यंत पर्सा, चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखत बाकड्यावर बसल्या, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. परत आल्यावर सगळे फोटो दाखवतात, त्यात आजीचा एकच फोटो, जेवतानाचा.

त्यांच्यासाठी काय आहे ते आधी ठरव. चाकाची खुर्ची मिळते का, अनामत किती, हे फोन करून विचारून ठेव आणि मिळत असेल तर पहिल्यापासून घ्या, त्या "मला चालता येतं" म्हणतील तरी. अशा पार्कात दिवसभरात पाच-सहा किलोमीटर सहज चालणं होतं. त्यांचं चालणं रांगेत उभं राहण्यात संपलं तर त्यांना दुपारनंतर काहीच बघता येणार नाही. घोड्यांचं मोठं चक्र, थंडगार थिएटरमधले शो, संध्याकाळची परेड हे त्यांचं. "आय फॉर इंडिया" नावाची एक राइड आहे, हेलिकॉप्टरमधून देश फिरून आल्यासारखी. पाटीवर बीपी, हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण असं लिहिलेलं असतं ते वाचून, तिथल्या माणसाला गोळीचं सांगून, मग ठरवा. निघायच्या आधी डॉक्टरांनाही एकदा विचार. "जमेल" म्हणाले तर सासूबाईंना त्या खुर्चीत बसव आणि तू शेजारी बस. बीपीची गोळी पिशवीत नको, कमरेच्या बटव्यात ठेव. पिशवी लॉकरमध्ये जाते अन् गोळीची वेळ टळते.

दुपारी दोन ते साडेतीन हा वेळ आजी आणि धाकट्याचा. दोघंही तेव्हा पेंगतात. थंड थिएटर धरा, तीनदा तोच शो लागला तरी चालेल. त्या वेळेत आळीपाळीनं एक मोठा माणूस तिथं, बाकीचे राइडला. मोठ्या राइडच्या तोंडाशीही हेच करायचं: जाऊ आणि दीर आत, तू बाहेर मुलीपाशी. ते आले की तू आत. बऱ्याच ठिकाणी तिथल्या माणसाला सांगितलं तर दुसऱ्याला पुन्हा रांगेत ताटकळावं लागत नाही. विचारायला लाजू नका.

आता जावईबापूंचा "पैसे वसूल" हिशेब. पैसे भरलेत म्हणजे सगळ्या राइड झाल्याच पाहिजेत, असं ते म्हणणार. होत नाहीत. सोमवारीसुद्धा नऊ माणसांच्या लटांबराच्या आठ-दहा गोष्टी झाल्या तर भरपूर झाल्या. आदल्या रात्री खोलीवर प्रत्येकानं एकच राइड सांगायची, जी झाल्याशिवाय परतायचं नाही. नऊ जणांच्या नऊ. त्या आधी. उरलेला वेळ मिळेल त्याचा. गेट उघडायच्या अर्धा तास आधी तिथं असा. आत शिरल्याबरोबर समोर जे दिसेल तिथं सगळे गर्दी करतात, तुम्ही थेट शेवटच्या टोकाला जा आणि मुलाची मोठी राइड पहिली उरका. नायट्रो त्याला हवी असणार. तिच्यात पायाखाली तळच नसतो, पाय अधांतरी लोंबकळत असतात. त्याची उंची तेराव्या वर्षी बहुतेक बसेल. रांग न लावता पुढं सोडणारं महागडं तिकीट मिळतं, ते सोमवारी घेऊ नका. तेवढ्या पैशांत एक रात्र जास्त राहता येतं. बर्फाच्या दालनाचं तिकीट वेगळं असतं, तेही यंदा नको.

वॉटर पार्कही यंदा नको. ते शेजारीच आहे, पण वेगळं पार्क, वेगळं तिकीट, आणि एका दिवसात दोन्ही म्हणजे दोन्हींचा चुथडा. मुलाला स्पष्ट सांग, पाणी पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हासाठी एवढं ध्यानात ठेव की तिथं सुती कपडे, साडी, जीन्स चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. सूत पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात, आणि चेन-बटणांनी घसरगुंडीवर ओरखडे पडतात. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ नायलॉनचे सूटही मिळतात, अंग झाकायची काळजी असेल तर लातूरच्या गंजगोलाई बाजारात आधीच शोधून ठेव. तिथं भाड्यानं घेतलेले कपडे मला तरी नको वाटतात.

कोरड्या पार्काचे कपडे हा वेगळा विषय आहे, आणि बायका इथंच फसतात. सासूबाई सोडून कुणीही साडी नेसू नये. पंजाबी ड्रेस चालेल, पण ओढणी खोलीवर ठेवायची. वेगात फिरणाऱ्या गोष्टीपाशी मोकळं कापड म्हणजे धोका. लांब मंगळसूत्र नको, लोंबते कानातले नकोत, क्लिप-पिना कमीत कमी. चपलेला मागं पट्टा हवा, नाहीतर प्रत्येक राइडला काढून हातात घ्यावी लागते. डायनासोरांची नावेतली राइड आहे, राजासॉरस नावाची, तिच्यात अंगावर पाणी उडतं, म्हणून लेकरांचा एकेक जोड पिशवीत ठेव. तुझ्या आठवीतल्याला सांग, राजासॉरस खरा होता. गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात त्याची हाडं सापडली, आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी नर्मदेवरून त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव दिलं. सलीमगड म्हणून भुताटकीचं दालन आहे, तिथं तुझ्या मुलीला नेऊ नका. रात्री तुलाच जागावं लागेल.

जेवणाचं थोडक्यात. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं आणि औषधं नेऊ देतात. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी हे सगळं रेल्वेत आणि सकाळी खोलीवर संपवा, गेटवरच्या पोराशी डब्यावरून वाद नको. सकाळी पोटभर पण तेलकट नको. आत जेवायचं ते पावणेबाराला किंवा अडीचनंतर. मधल्या वेळेत सगळे जेवायला बसलेले असतात, तेव्हा रांगा ओसरतात. जेवल्यावर तासभर फिरणाऱ्या राइडमध्ये बसायचं नाही.

खर्च असा धर. तिकिटं फक्त पार्काच्या स्वतःच्या साइटवरून काढायची, कामाच्या दिवसाचा भाव बहुधा कमी असतो, आणि कर धरून अखेरचा आकडा किती होतो तेवढाच खरा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्ध्या किमतीच्या लिंकला हात लावू नका. नऊ जणांच्या तिकिटांची बेरीज झाली की माझा ठोकताळा, तेवढेच पैसे पुन्हा बाजूला काढायचे: रेल्वे, पुण्याची गाडी, दोन मुक्काम, जेवण, लॉकर, आणि लेकरांनी बाहेर पडताना धरलेला एखादा हट्ट. त्या हट्टाची रक्कम आधी ठरवून प्रत्येक लेकराच्या हातात द्या. स्वतःच्या हातातले पैसे लेकरं फार जपून खर्च करतात. दिरांबरोबरचा हिशेब घरून निघायच्या आधी कर, परतल्यावर नाही. एवढंच लिहिते, तू समजून घेशील.

दोन गट पडणारच. तर बरोबर साडेबारा आणि पाच वाजता, घोड्यांच्या चक्रापाशी, हे सगळ्यांनी पाठ करायचं. मोबाइलची बॅटरी फोटोंनी संपते. लहान तिघांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी, आणि मनगटावर बॉलपेननं तोच नंबर. हरवलं तर शोधायला पळायचं नाही, जिथं आहे तिथंच उभं राहायचं आणि गणवेशातल्या माणसाला हाक मारायची, हे मुलीला दोनदा घोकवून घे.

आणि तुझी चक्कर. तुला कशातही बसायची सक्ती नाही. पण बसावंसं वाटलं तर सरळ रुळावरून जाणारं काही निवड, गोल फिरणारं नको. चक्कर येते ती बहुतेक गरगर फिरण्यानं. मधल्या सीटवर बस, शेवटच्या सीटला हिसके जास्त बसतात. डोळे मिटू नकोस, समोर लांब कुठंतरी नजर ठेव. डोळ्यांना एक दिसतं आणि कानाला वेगळंच हलणं जाणवतं, हे भांडण झालं की पोट ढवळतं. खाली झेपावताना पोटात गोळा येतो तो खराच असतो, आतडी-जठर क्षणभर तरंगतात. दोन सेकंदांत जागेवर येतात. ओरडून घे मनसोक्त. आवळ्याची सुपारी किंवा आल्याची वडी तोंडात धरायला हरकत नाही, पण राइड सुटायच्या आधी गिळून टाक, ठसका लागतो.

शाळेचं राहिलं. सोमवार, मंगळवार, आणि गाडीतून उतरल्यावर झोपेचा बुधवार असे तीन दिवस बुडतील. तू वर्गशिक्षिकेला आधी भेट, घटक चाचणी कधी आहे ते विचार, आणि खरं कारण लिहून अर्ज दे. अर्जात ताप-खोकला लिहू नकोस. तुझी मुलगी गुरुवारी प्रार्थना संपायच्या आत सगळ्या वर्गाला डायनासोर कसा अंगावर आला ते सांगून मोकळी होईल.

– मावशी